पाणीच तर आहे

मुलांच्या तपासणी केंद्रातले सगळे पाठीमागे तिला 'तवा' म्हणत, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. नाव ठेवलं होतं स्वागतकक्षातल्या मुलीनं. एका मुख्याध्यापिकेनं फोनवर "असली मुलं तुमच्याकडेच ठेवून घ्या ना" असं म्हटलं होतं, आणि त्यावर बाईंनी जे सुनावलं ते दोन खोल्या पलीकडे ऐकू गेलं होतं. "तवा तापलाय, आज कुणी जवळ जाऊ नका," असं ती मुलगी म्हणाली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. समोर 'मॅडम', पाठीमागे 'तवाबाई'.

काम मात्र असं, की त्यात राग चालतच नाही. ती मानसशास्त्रज्ञ. मूल बोलत नाही, किंवा बोलतं पण वेगळंच बोलतं. नाव घेतलं तर वळत नाही. एकाच खेळण्याचं एकच चाक तासभर फिरवतं. अशी मुलं तिच्याकडे येत, आणि हा ऑटिझम आहे, की ऐकण्यातली अडचण, की मूल नुसतं आपल्या तालात चालणारं, याची पारख ती करी. खोली साधी. ठेंगणं टेबल, दोन इवल्या खुर्च्या, सतरंजी, आणि एका पेटीत किल्लीचा ससा, बाहुली, साबणाच्या फुग्यांची बाटली. एका भिंतीत काच होती. खोलीच्या बाजूनं तो आरसा. पलीकडच्या अरुंद खोलीतल्या बाकावरून आई-बापांना मात्र सगळं दिसे. मूल आत आलं की तव्याचं लोणी होई. ती सतरंजीवर मांडी घाले आणि मुलाला सुचेल तोवर थांबे. थांबणं हाच तिच्या कामाचा निम्मा भाग होता.

राग साठायचा तो मोठ्या माणसांसाठी. "लाडानं बिघडलाय" म्हणणाऱ्या काकांसाठी, "आईनं वेळ दिला नाही" म्हणणाऱ्या डॉक्टरांसाठी, "आधी शांत बसायला शिकवा, मग शाळेत घालू" म्हणणाऱ्या शाळांसाठी.

त्या सकाळी लिफ्टचा मेकॅनिक आपल्या मुलीला घेऊन आला. तवाबाईंनी त्याला लगेच ओळखलं. दोन वर्षांपूर्वी तो आणि त्याची बायको पहिल्यांदा आले होते. हाताच्या रेघांत ग्रीस मुरलेला, बोलका माणूस. बायको गणवेश शिवण्याच्या कारखान्यात कामाला. ती मात्र आल्यापासून जाईपर्यंत एक अक्षर बोलली नव्हती, पदराशी चाळा करत बसली होती. मुलीला घरी मुंगी म्हणत, कारण चालायला लागली तेव्हापासून ती भिंतीच्या कडेकडेनं चाले, खोलीच्या मधून कधीच नाही.

तेव्हाची मुंगी तवाबाईंना नीट आठवत होती. साबणाचा पहिला फुगा उडाला आणि पोरीचे दोन्ही हात पाखरासारखे फडफडायला लागले होते. मग टेबलाखाली शिरून तिनं लिफ्टमधल्या बाईच्या आवाजात जाहीर केलं होतं, "दार बंद होत आहे. कृपया दूर राहा." तवाबाई इतकी हसली होती की लिहायचंच विसरली. शेवटी आई-बापांना तिनं सांगितलं होतं, "हा ऑटिझम आहे. ताप नाही की उतरेल. तुमच्या मुलीच्या मेंदूची घडणच अशी आहे. तिला शिकवायचं, पण तिच्या वाटेनं." पुढच्या मदतीसाठी नाव यादीत घातलं होतं. यादी लांब होती.

"मॅडम, आता बघा आमची मुंगी!" मेकॅनिक दारातूनच म्हणाला. चेहरा नुसता उजळलेला.

मुंगी आली ती खोलीच्या बरोबर मधून. खुर्चीवर ताठ बसली. दोन्ही हात मांड्यांखाली घातले. मग तवाबाईंच्या डोळ्यांत बघितलं आणि बघतच राहिली, पापणीही न हलवता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"कोचसाहेबांची कमाल," मेकॅनिक म्हणाला. "त्यांनीच पाठवलंय. म्हणाले, पहिला रिपोर्ट ज्यांचा, दुसऱ्यावरही त्यांचीच सही आणा. म्हणजे कुणाला शंका नको."

"कसली शंका?"

"गेला म्हणून. ऑटिझम गेला म्हणून." तो मान डोलावत म्हणाला. "रविवारी त्यांचा कार्यक्रम आहे मोठ्या सभागृहात. तुमचा जुना रिपोर्ट पडद्यावर दाखवतात. मुलीचं नाव झाकून हां! फक्त तुमची सही दिसते. आणि मग मुलगी स्टेजवर येते."

कोचसाहेबांचं नाव तवाबाईंच्या कानावर आलेलं होतं. पूर्वी हा गृहस्थ व्यायामशाळा चालवी. मग एकाएकी त्याला मुलांच्या मनाचं ज्ञान झालं आणि काचेच्या भिंतींचं, गुळगुळीत फरशीचं प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. 'स्थिर हात, स्थिर मन' अशी पाटी रस्त्यावरूनही वाचता येई. आपली सही त्याच्या दुकानाचा फलक झाली आहे हे मात्र तिला आज कळत होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोर पोर बसलं होतं, म्हणून तिनं ती तिथंच दाबली आणि मेकॅनिकला म्हणाली, "तुम्ही काचेपलीकडे बसा. आम्ही जरा खेळतो."

किल्लीचा ससा टेबलावर धावला. मुंगीनं सशाकडे बघितलं नाही. तवाबाईंच्या तोंडाकडे बघितलं, हे बरोबर चाललंय का ते विचारल्यासारखं. बाहुली दिली तर "धन्यवाद" म्हणाली. चित्रं दाखवली तर प्रत्येकाचं नाव सांगितलं, पाठ म्हटल्यासारखं, मध्ये श्वास न घेता. तवाबाईंनी साबणाची बाटली उघडली आणि एक मोठा फुगा सोडला.

फुगा पोरीच्या नाकासमोरून गेला. तिचे खांदे थरथरले. मांड्यांखालचे हात तिनं आणखी आत दाबले.

"हात हलवू का?" तिनं विचारलं.

इतक्या वर्षांत मुलांनी तिला नाना गोष्टी विचारल्या होत्या. हे कुणी विचारलं नव्हतं.

"हलव की. तुझेच हात आहेत."

मुंगीनं आरशाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. हात काही बाहेर आले नाहीत.

थोड्या वेळानं तवाबाईंनी विश्रांती जाहीर केली. अशा वेळी केंद्रातली मावशी येऊन टेबल पुसून जाई, रोजचाच रिवाज. ती आली. एका हातात फडकं, एका हातात फवाऱ्याची बाटली. तिनं बाटली उचलली मात्र, मुंगीनं डोळे गच्च मिटले, ओठ आवळले, आणि हनुवटी वर करून तोंड पुढे केलं. केलं आणि तशीच थांबली. पळाली नाही, रडली नाही. वाट बघत राहिली.

मावशीचा हात हवेतच राहिला. "अगं बाई! काय झालं गं बाळा?"

डोळे न उघडता मुंगी म्हणाली, "हलवले नाहीत."

काचेपलीकडे काहीतरी धाडकन आपटलं. बापाच्या पायाला लागून बाक उलटला होता.

मुंगीला मावशीजवळ देऊन तवाबाई बाहेर आली, तेव्हा मेकॅनिक बोळात भिंतीला टेकून उभा होता. "पाणीच तर आहे, मॅडम," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "त्यांनी आधीच सांगितलं होतं. मूल हात हलवायला लागलं की तोंडावर एक फवारा. इजा नाही, काही नाही. पाणीच तर आहे, म्हणाले."

"तुम्ही बघितलंत?"

"एकदा दाखवलं होतं. ती हसली. मला वाटलं, हसली." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "दिवसातून किती वेळा, ते नाही सांगितलं."

"तुम्ही विचारलंत?"

तो इतक्या हळू बोलला की तिला पुढे वाकावं लागलं. "घरी पण एक बाटली दिलीय. सवय मोडू नये म्हणून. बायको त्या बाटलीला हात लावत नाही. मी मारतो."

तवाबाईंच्या जिभेवर जे आलं होतं ते या माणसाला आयुष्यभर पुरलं असतं. राग कुणावर तरी ओतायला हवा होता आणि हा समोर होता, खाली मान घालून, अगदी हाताशी. पण त्या घडीला त्याला झोडपणं फारच सोपं होतं, आणि सोपं वाटलं म्हणूनच तिनं ते टाळलं.

"आज घरी जा आणि ती बाटली फेकून द्या," ती म्हणाली. "तिच्या देखत. आणि तिला सांगा, हात हलव. उद्या सांगा, परवा सांगा. लगेच खरं वाटणार नाही तिला. तुम्ही सांगत राहा."

"आणि रिपोर्ट?"

"काय?"

"रागावू नका, मॅडम. शाळा म्हणते, शांत बसली तरच वर्गात घेऊ. आता बसते तर... मी काय करू, ते तरी सांगा."

"शाळेशी मी बोलते," एवढंच ती म्हणाली, आणि ते किती तोकडं आहे हे दोघांनाही कळलं.

दुपारी ती विभागप्रमुखांकडे, म्हणजे केंद्रातल्या मोठ्या डॉक्टरांकडे गेली. आवाज कधी चढत नाही, इस्त्री कधी मोडत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खेद व्यक्त केला, आणि म्हणाले, "लेखी द्या."

"दिलंय. सकाळीच दिलंय. आता पुढे?"

"समिती बघेल. त्याला नोटीस जाईल. तो उत्तर देईल."

"आणि तोवर किती पोरं तोंड वर करून बसतील?"

"मॅडम, आपण पद्धतीनं जाऊ या."

"पद्धतीनं तर तोही जातोय, डॉक्टर. त्याची पद्धत पक्की आहे, आपलीच ढिली."

घरी आईनंही तेच सांगितलं, फक्त इस्त्री न करता. आई जुन्या काळची परिचारिका, वॉर्डात आयुष्य घालवलेली. लेकीनं ताट तसंच बाजूला सारलेलं बघून ती म्हणाली, "जाऊ नकोस हं त्या कार्यक्रमाला. तुझा राग आधी तुलाच खातो, मग दुसऱ्याला उरला तर."

"मी नुसती ऐकायला जाणार आहे."

"हो, हो. मांजर पण दुधाजवळ नुसतं बघायलाच जातं."

रविवारी दुपारी सभागृह गच्च भरलं होतं. तवाबाई मागच्या रांगेत बसली. आजूबाजूला सगळे आई-बाप. त्यांचे चेहरे तिच्या ओळखीचे होते. हे नाही तर असेच. झोप न झालेले, नातेवाइकांचे टोमणे ऐकून ऐकून कोडगे झालेले, आणि तरी कुठंतरी आस धरून बसलेले. त्यांच्याकडे बघून तिचा राग जरा निवलासुद्धा. मग पडद्यावर तिचा रिपोर्ट झळकला. खाली सही, तिचीच, वळणदार.

"या मॅडम मोठ्या नामांकित," कोचसाहेब ध्वनिक्षेपकात म्हणाला. पिळदार अंग, पांढराशुभ्र सदरा, आवाजात मध. "यांनी मुलांवर शिक्का मारला. आम्ही तो पुसला!"

टाळ्या. दुसऱ्या एका मुलाचा रिपोर्ट, पुन्हा तिची सही, पुन्हा टाळ्या.

ती उभी राहिली. "ती सही माझी आहे. हे कागद दाखवायची परवानगी मी दिलेली नाही. आणि यात कुठंही शिक्का..."

"प्रश्न शेवटी घेऊ, ताई," तो गोड हसून म्हणाला, आणि तिच्या बाजूचा दिवा कुणीतरी मंद केला.

ती बसली नाही. बाजूच्या दारानं बाहेर पडली आणि बोळातून सरळ स्टेजच्या मागच्या अंगाला गेली. काय करायचं ते ठरलं नव्हतं. कुणीतरी जबाबदार माणूस गाठावा, एवढंच. पडदा बाजूला सारला तर तिथं खुर्च्यांची रांग होती. खुर्च्यांवर मुलं, सगळ्यांना एकसारखे पांढरे सदरे, सगळ्यांचे हात मांड्यांखाली. एक तरुण प्रशिक्षिका रांगेसमोर उभी होती. हातात फवाऱ्याची बाटली. मुंगी त्यांत नव्हती. तेवढ्यानं तवाबाईंचा जीव भांड्यात पडला, पण राग भांड्यात मावला नाही.

"द्या ती इकडे," ती म्हणाली.

प्रशिक्षिकेला हुकूम पाळायची सवय असावी. तिनं देऊन टाकली.

तवाबाई स्टेजवर गेली. कोचसाहेबाला क्षणभर आनंदच झाला. "अरे वा! मॅडम स्वतः आल्या! जोरदार टाळ्या..."

तिनं बाटली वर केली आणि त्याच्या तोंडावर फवारा मारला.

तो मागे सरकला. तिनं दुसरा मारला. त्याचे दोन्ही हात आपोआप तोंडासमोर हवेत फडफडले.

"हात खाली," ती म्हणाली. "हात हलवायचे नाहीत." आणि तिसरा मारला.

कुणीतरी फिस्सकन हसलं. ध्वनिक्षेपक कोचसाहेबाच्या हातातच होता, त्यामुळे त्याची गर्जना सभागृहाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत गेली. "हा काय प्रकार आहे! माणसाच्या तोंडावर पाणी मारता? अपमान आहे हा! लाज नाही वाटत?"

"पाणीच तर आहे," तवाबाई म्हणाली.

ते वाक्य तिथल्या प्रत्येकाला सांगितलं गेलेलं असावं, कारण लोकांच्या माना एकमेकांकडे वळल्या. आता हे सगळे उठतील, याला जाब विचारतील, असं तिला वाटलं. खोटं कशाला बोला, आपल्यासाठीही एखादी टाळी वाजेल असंही वाटलं.

तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली. जाडजूड, हातात मुलाची पिशवी. "खाली उतरा तुम्ही!" ती ओरडली. कोचसाहेबाला नाही, तवाबाईंना. "मी आले होते तुमच्याकडे. आठवते का मी? कशी आठवणार! माझ्या पोराला काय काय येत नाही ते पानंच्या पानं लिहून दिलंत. पुढे काय करू विचारलं, तर म्हणालात, यादीत नाव घालते, फोन येईल. आला का फोन? दोन पावसाळे गेले. हा माणूस लबाड असेल, असू दे! पण याचं दार उघडं होतं. तुमचं होतं का?"

तवाबाईंनी बाटली खाली केली.

"पण ती बाटली आली कुठून?" मागून एका बापानं विचारलं. "बाई, तुम्ही बरोबर आणलीत का?"

"पडद्यामागून," ती म्हणाली. "मुलं बसलीयत तिथं. जाऊन बघा."

मग जो गोंधळ उडाला तो उडाला. काही जण स्टेजवर चढून पडद्यामागे गेले आणि आपापलं मूल काखोटीला मारून बाहेर पडले. काही तिथंच थांबून तवाबाईंच्या नावानं बोटं मोडत राहिले, चांगलं चाललेलं मोडलं म्हणून. कोचसाहेब ओल्या सदऱ्यानं "शांत राहा, शांत राहा" म्हणत होता. सुरक्षारक्षकानं तवाबाईंना दंडाला धरून बाहेर काढलं. दारात तो हळूच म्हणाला, "नेम चांगला आहे हां, मॅडम." तिला हसू आलं नाही.

पुढे सगळं पद्धतीनं झालं. कोचसाहेबानं तिच्याविरुद्ध तक्रार केली. केंद्रानं तिला काही आठवडे घरी बसवलं. मग समितीसमोर बोलावणं आलं. लांब टेबल, पलीकडे तिघं, प्रत्येकापुढे झाकण ठेवलेला पाण्याचा पेला.

"झाल्या गोष्टीचा पश्चात्ताप होतो का?" मधल्या गृहस्थानं विचारलं.

'बाटली लहान होती, याचा होतो,' हे उत्तर घरी पाठ करून झालं होतं. आईलाही म्हणून दाखवलं होतं, आणि आई तोंडाला पदर लावून हसली होती. आता तेच जिभेच्या टोकावर होतं. पण ती वेगळंच बोलली.

"मुलं बघत होती, याचा होतो," ती म्हणाली. "पडदा उघडाच राहिला होता. त्यांना एवढंच दिसलं असेल, की बाटली आता दुसऱ्याच्या हातात गेली. ज्याच्या हातात बाटली, तो मारणार. हे मी त्यांना शिकवलं."

"आणि त्या गृहस्थांबद्दल?"

"त्यांच्याबद्दल नाही."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. तिला ताकीद मिळाली. कोचसाहेबाच्या चौकशीत मात्र पाच-सहा आई-बाप बोलायला आले, आणि पहिला बोलला तो लिफ्टचा मेकॅनिक. "घरी मी पण मारत होतो," हे त्यानं भर खोलीत सांगितलं, आणि त्यानंतर बाकीच्यांची तोंडं उघडली. कोचसाहेबाच्या केंद्राला कुलूप लागलं. काही महिन्यांत गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याचीच नवी पाटी लागली. या वेळी पाणी नाही, श्वास. पाटीवर हसरी मुलं. तवाबाईंनी ती बसमधून बघितली आणि समोरच्या सीटचा दांडा असा आवळला की शेजारचा म्हातारा सरकून बसला.

"एक विचारू?" त्या संध्याकाळी आई म्हणाली. "त्या तिसऱ्या रांगेतल्या बाईला काय उत्तर दिलंस?"

"काही नाही."

"का?"

"खरं बोलत होती ती."

"मग त्या बाप्याचं तोंड ओलं करून काय मिळवलंस? उत्तर त्या बाईला द्यायचंय." आईनं चष्मा काढून पुसला. "आमच्या वॉर्डात डॉक्टर रोगाचं नाव सांगून निघून जायचे. रात्रभर माणसाजवळ कोण बसायचं?"

तवाबाईंना या बोलण्याचाही राग आला. तिच्या एकटीच्या हातात काय होतं? यादी तिनं लांब केली नव्हती. माणसं कमी, खोल्या कमी, वरून रोज नवी मुलं. हे सगळं तिनं आईला तावातावानं ऐकवलं. आईनं ऐकून घेतलं आणि दिवा मालवून झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी तवाबाईंनी जुन्या यादीतून नंबर शोधून त्या बाईला फोन लावला.

"आता कशाला?" पलीकडून आवाज आला.

"तुमचं बरोबर होतं, हे सांगायला."

"बरोबर असून काय करू? चाटू?"

"शनिवारी सकाळी माझी खोली रिकामी असते," तवाबाई म्हणाली. "यादीतल्या जमतील तेवढ्यांना बोलावतेय. मुलं घेऊन या. घरी काय करायचं ते दाखवते. आणि शाळेशी कसं भांडायचं तेही. ते मला चांगलं येतं."

"ते बघितलंय मी," बाई म्हणाली आणि फोन ठेवला.

मोठ्या डॉक्टरांकडे ती परवानगी मागायला गेली तेव्हा कमरेवर हात ठेवूनच गेली होती. त्यांनी खोलीची किल्ली टेबलावरून पुढे सरकवली. "लेखी नंतर द्या," ते म्हणाले. भांडण न मिळाल्यामुळे ती जरा वेळ तशीच उभी राहिली.

शनिवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मोठी माणसं इवल्या खुर्च्यांवर बसलेली, गुडघे हनुवटीला टेकलेले. मुलं काचेपलीकडच्या खोलीत मावशीबरोबर होती आणि तिथून अधूनमधून दणदण ऐकू येत होती. पण आज तिकडे कुणी "शू" करत नव्हतं. मेकॅनिक आला होता, बायकोही आली होती. मुंगी अजून झोपेत दचकते, तो म्हणाला. अजून फवारा दिसला की तोंड वर करते, पण आता कधीकधी पळते. "पळते," त्यानं पुन्हा सांगितलं, ही चांगली बातमी आहे ना याची खात्री करून घ्यावी तसं. चांगलीच आहे, तवाबाई म्हणाली.

तिसऱ्या रांगेतली बाई उशिरा आली आणि दारातच उभी राहिली, पिशवी पोटाशी धरून. बसा म्हटलं तरी बसली नाही.

तवाबाईंनी घरी कसं शिकवायचं ते सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात मेकॅनिकच्या बायकोनं हात वर केला. तिचा आवाज तवाबाई पहिल्यांदाच ऐकत होती. "सोमवारी शाळेत बोलावलंय," ती पुटपुटली. "शांत बसली तरच घेऊ म्हणतात. मग काय बोलायचं? मला सुचत नाही. मी नुसती मान हलवून येते."

"असं करा," तवाबाई म्हणाली, "त्यांना शांतपणे सांगा, की..."

"शांतपणे कशाला?" दारातली बाई आत आली. तिनं एक इवली खुर्ची ओढली, तिच्यात कशीबशी मावली आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला. "मी मुख्याध्यापिका. हं, या. काय काम आहे? लवकर बोला, मला मीटिंग आहे."

खोलीत हशा पिकला. मेकॅनिकची बायको गोरीमोरी झाली. "माझ्या मुलीच्या प्रवेशाचं..."

"ती हात हलवते ना? बाकीची मुलं बिघडतील. आमच्याकडे सोय नाही."

"नाही... म्हणजे..."

"सोय नाही म्हटलं ना. घरी ठेवा. तुमच्या घरी असतंच की कुणी ना कुणी. का तुम्हाला नोकरीच जास्त प्यारी?"

हे शेवटचं वाक्य त्या बाईला नक्की कुणीतरी ऐकवलेलं होतं. मेकॅनिकनं बायकोच्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केला, तवाबाईंनी त्याला नजरेनंच थांबवलं.

"मग सोय करा," बायको म्हणाली.

"ऐकू नाही आलं."

"सोय करा म्हणते!" ती उभी राहिली. मान ताठ, कानशिलं लाल. "सगळ्या शाळेचे गणवेश शिवते मी. लहान, मोठं, जाडं, बारीक, प्रत्येक पोराच्या मापाचा शिवते. एकाच मापात सगळ्यांना कोंबलं तर घेता का तुम्ही? परत पाठवता! मग माझी पोर मापात बसत नाही म्हणून मला परत का पाठवता?"

मुख्याध्यापिका झालेल्या बाईनं चष्मा काढला.

"हे बरं जमलं," ती म्हणाली. "फक्त सोमवारी सुरुवातीलाच उभ्या राहा. बसलात की त्यांना वाटतं, ऐकून घ्यायला आलात." मग तिनं खोलीभर नजर फिरवली. "पुढे कोण आहे? या. आज मला वेळ आहे."